पडद्यावरचे ठिपके

आज घरी गेल्यावर एक छोटासा प्रयोग करा. मोबाइलवर एखादे पांढरे पान उघडा. पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. मोहरीच्या दाण्याएवढाच, बरे का! तो थेंब भिंगाचे काम करील. पांढऱ्या रंगात तुम्हांला लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसतील. पाहून झाले की पडदा लगेच पुसून टाका, नाहीतर तुमच्या घरच्यांची बोलणी मला खावी लागतील.

या तीन रंगांचा मिळून एक ठिपका होतो. त्याला पिक्सेल म्हणतात. पडद्यावर आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत, हे ज्या जोडीने सांगतात तिला रिझोल्यूशन म्हणतात. १९८७ साली आयबीएम कंपनीने व्हीजीए नावाची पद्धत आणली. तिच्यात आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके असत. आता दुकानात मॉनिटर घ्यायला गेलात, तर तीन नावे जास्त ऐकू येतील. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, क्यूएचडी म्हणजे २५६० × १४४० आणि फोर-के म्हणजे ३८४० × २१६०. वही काढा आणि गुणाकार करून पाहा. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. क्यूएचडीत ३६ लाख ८६ हजार ४०० आणि फोर-केत ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट.

"मग सर, चौपट ठिपक्यांचाच मॉनिटर का घेऊ नये?" असे तुम्ही विचाराल. मीही हाच विचार केला होता. सवलतीत मिळतो म्हणून मी फोर-के मॉनिटर घरी आणला आणि माझ्या जुन्या संगणकाला जोडला. पाहतो तो काय! माउसचा बाण अडखळत चालू लागला. माझ्या संगणकाची एचडीएमआय जोडणी जुन्या प्रकारची होती. त्या जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा जाते. फुल एचडी मात्र ६० वेळा जाते. चूक मॉनिटरची नव्हती. मी संगणकाला न विचारता पडदा आणला होता.

गेल्या वर्षी हाच अनुभव शेजारच्या खालांच्या उपयोगी पडला. खालांची मोठी मुलगी घरी बसून टायपिंग करते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अर्ज अशी उर्दू आणि मराठी दोन्ही कामे तिच्याकडे येतात. धाकटा मुलगा अकरावीत आहे. त्याला संगणकावर फुटबॉल आणि मोटारींच्या शर्यती खेळायच्या असतात. संगणक एकच. त्याचा जुना मॉनिटर बंद पडला, तेव्हा हातातली कामे परत करायची वेळ आली. त्याच महिन्यात खालांची भिशी लागली. त्यांतले १२ हजार रुपये त्यांनी बाजूला काढले आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्ही मुलांबरोबर जा. पैसे पुन्हा पुन्हा येत नाहीत."

आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने आधी २७ इंची फुल एचडी मॉनिटर दाखवला. मुलगा खूश झाला. पण त्याच्या आपाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि आपलीच एक पत्रिका पडद्यावर उघडली. मला तिचे फार कौतुक वाटले. तुम्हांला ठाऊकच आहे, उर्दूत बे, पे, ते आणि से यांचा सांगाडा एकच असतो. फरक असतो तो नुक्त्यांचा. मराठीतही अनुस्वार किंवा रफार दिसला नाही, की शब्द बदलतो. त्या पडद्यावर अक्षरे मोठी होती, पण त्यांच्या कडा दातेरी दिसत होत्या आणि पेचे तीन नुक्ते एकमेकांना चिकटले होते.

असे का झाले? २४ इंची पडदा असो की २७ इंची, फुल एचडीत ठिपके तेवढेच असतात. पडदा मोठा झाला की ते विरळ होतात. २४ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर फक्त ८२. तेच २७ इंची क्यूएचडी घेतला, तर सुमारे १०९ बसतात. म्हणून इंच आणि ठिपके हे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

दुकानदाराने क्यूएचडीही लावून दाखवला. नुक्ते मोत्यांसारखे सुटे दिसले. खरे सांगतो, नुसत्या टायपिंगसाठी मी तोच घ्यायला सांगितला असता. पण तो १२ हजारांत बसत नव्हता आणि धाकट्याच्या खेळाचाही प्रश्न होता. खेळातले चित्र आधी तयार नसते. संगणक ते दर वेळी नव्याने काढतो. फुल एचडीवर सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवावे लागतात. क्यूएचडीवर हे काम पावणेदोन पटींहून जास्त वाढते. खालांच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्याला एवढा भार झेपला नसता.

"खेळताना रिझोल्यूशन कमी करीन की!" मुलगा म्हणाला. मुद्दा चांगला होता. जुन्या काचेच्या मॉनिटरवर हे खपून जाई. आजच्या सपाट पडद्यातले ठिपके मात्र जागचे हलत नाहीत. क्यूएचडीवर फुल एचडी चित्र लावले, की एका ठिपक्याला एक आणि एक तृतीयांश जागा येते. ठिपका तर तुटत नाही, मग चित्र धुरकट होते. काही खेळांत फक्त चित्राचा बारकावा कमी करून अक्षरे स्वच्छ ठेवता येतात, पण सर्व खेळांत तशी सोय नसते.

शेवटी २४ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. तो सेकंदाला १०० वेळा चित्र बदलू शकतो. उरलेल्या पैशांत रॅमची आणखी एक पट्टी घेतली. वेगळे कार्ड नसले, की चित्र काढणारा भाग रॅमच वापरतो, म्हणून दोन पट्ट्या लावल्यावर खेळ अधिक सुरळीत चालतो.

घरी मॉनिटर जोडला, तेव्हा सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ दिसत होते. ते आम्ही १०० केले. अनेक घरांत ते तसेच राहून जाते. मग आपा खुर्चीवर बसली आणि तिने अडकलेली पत्रिका उघडली. भाऊ मागे उभा राहून घड्याळ पाहू लागला. रात्री नऊपर्यंत पडदा आपाचा आणि त्यानंतर एक तास भावाचा, असे खालांनी त्याच दिवशी ठरवून दिले.