गायक प्रश्न विचारतो तेव्हा

सेवाग्राम-वर्ध्याकडे भीमजयंतीला गायनपार्टी आली की आपण उशिरापर्यंत बसतो. पण गायकाचा शब्द श्रोत्याला का भिडतो, हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

१९३०च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांनी नाशिककडे आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा साचा लोकांच्या कानात बसलेला होता. तो त्यांनी घेतला, मात्र आतला मजकूर बदलून अस्पृश्यता व शिक्षण हे विषय आणले. ओळखीच्या चालीने माणूस जवळ येई आणि नवा विचार घेऊन घरी जाई. खरी करामत संवादांत होती. एक पात्र रूढीची बाजू घेई, दुसरे त्याला सवाल करी. श्रोत्याला वाटे, हा तर आपल्याच ओसरीवरचा वाद! उपदेश ऐकताना माणूस गप्प बसतो. वादात मात्र आपोआप बाजू घेतो.

पुढच्या पिढीतले वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची बोलीही घरातलीच. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, म्हणून निरक्षर म्हातारीही तिसऱ्या वेळी ते म्हणू लागते. कव्वालीत तर गायक ओळ अर्धी सोडून थांबतो आणि राहिलेला शब्द श्रोते देतात. तो शब्द आपल्या तोंडून निघाला की त्याची थोडी जबाबदारी आपल्यावरही येते, असे मला वाटते.

हल्ली कर्ण्याच्या गोंगाटात तो थांबाच हरवतो. बाबासाहेबांचे नाव आले की टाळी पडते आणि पुढचे शब्द बुडतात. पुढच्या कार्यक्रमात मुलांना शेजारी बसवा. गायकाने प्रश्न टाकला की हळूच विचारा : तू काय उत्तर देशील?