स्टार घ्या, पण बसवता आला पाहिजे

स्पर्धेची प्रवेशिका भरायची वेळ आली की संघाच्या बैठकीत एक नाव हटकून निघतं. “त्याला घ्या, एकटा मॅच काढून देतो.” लगेच कोपऱ्यातून दुसरा म्हणतो, “देतो ना, पण ऐकतो का कोणाचं?” मग अर्धा तास वाद, चहा, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉलच्या मानाने फुटबॉल थोडा. 2017 च्या सप्टेंबरात शासनाने राज्यभर एकाच दिवशी शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला, शाळांना चेंडू दिले. त्यातले किती चेंडू पुढे कपाटातच राहिले हे ज्याचं त्याने आठवावं. खेळणारे थोडे असल्यामुळे खरोखर पाय चालणारा पोरगा वसमतपासून सेनगावपर्यंत सगळ्यांना माहीत असतो, आणि त्याचे प्रतापही तितकेच माहीत असतात. म्हणून त्याला घ्यायचं की नाही हे आवाजावर सोडू नका. एका क्रमाने गेलात तर दोन-तीन संध्याकाळींत उत्तर मिळतं.

आधी त्याचं नाव बाजूला ठेवा आणि आपल्या संघाचं दुखणं कुठे आहे ते बघा. मागच्या पाच-सहा सामन्यांत गोल होत नव्हते, की गोल होऊनही मागे बचाव टिकत नव्हता? बचाव भगदाडासारखा उघडा असताना पुढे कितीही भारी स्ट्रायकर आणला तरी 2-4 चा निकाल फार तर 3-4 होईल. त्याच्या जागेची गरजच नसेल तर पुढचं वाचायचं कारण नाही. विषय तिथेच मिटला.

गरज असेल तर त्याच्याबद्दलची तक्रार सुटी करून बघा. ‘त्रास देतो’ एवढ्याने काही कळत नाही. आपल्याकडची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे “सरावाला येत नाही”. का येत नाही हे मात्र कोणी विचारत नाही. संक्रांतीनंतर आपल्या भागात हळद निघायला लागते. काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. शिजवणीची पाळी आली की घरातला तरणा गडी रात्र रात्र तिथेच असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मैदानावर तो दिसला नाही, तर तो माजोरी ठरत नाही. दुसरं कारण भरती. पोलीस भरतीच्या मागे लागलेला पोरगा पहाटे 1600 मीटर आणि 100 मीटर पळतो, गोळा टाकतो, दिवसा अभ्यासिकेत बसतो. संध्याकाळी त्याचे पाय उचलत नाहीत. अशा पोरासाठी सरावाची वेळ सकाळची करा, हळद संपेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या. एवढ्या सोयीने जो वेळेवर यायला लागतो, त्याची तक्रार मुळात त्याची नव्हतीच. सोय करूनही जो मॅचच्या दिवशीच उगवतो, त्याची गोष्ट वेगळी.

दुसरी तक्रार भडक डोक्याची. हिचा हिशोब सरळ आहे, कारण फुटबॉलमध्ये रागाची किंमत नियमानेच ठरलेली. दोन पिवळी म्हणजे एक लाल, त्याच्या जागी दुसरा उतरवता येत नाही, उरलेला सामना दहा जणांनी काढायचा आणि पुढचा सामना तो बाहेर. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी क्लबने 2016 मध्ये दिएगो फोर्लानला आणलं, कर्णधार केलं. विश्वचषक गाजवलेला, वागायला सरळ माणूस. त्या वर्षी मुंबई साखळीत पहिली आली. पण कोलकात्याविरुद्ध उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. परतीच्या लढतीत तो नाही, मुंबईला एकही गोल करता आला नाही, आणि संघ बाहेर. फोर्लानसारख्याकडून हे होतं, तर ज्याला दर दोन सामन्यांत कार्ड मिळतं त्याला घेताना स्पर्धेचे किती सामने तो प्रत्यक्ष मैदानावर असेल ते कागदावर मांडून बघा. बाद फेरीची छोटी स्पर्धा असेल तर असा खेळाडू फार महाग पडतो.

तिसरी तक्रार सगळ्यात वाईट, आणि ती बैठकीत उघड बोलली जात नाही: तो गट पाडतो. स्वतः वेळेवर येतो, पंचाशी नीट बोलतो, आणि रात्री चहाच्या टपरीवर चार जणांना घेऊन सरांच्या निवडीची चिरफाड करतो. संतापी पोरगा एक सामना घालवतो, पण हा अख्खा हंगाम घालवतो. माझं स्पष्ट मत आहे, असा कितीही गुणी असला तरी घेऊ नका. पंचाच्या अंगावर हात टाकलेला आणि सामन्यावर पैसे लावणारा, हे दोघेही त्याच रांगेत. त्यांच्यावर चर्चासुद्धा नको.

आता चौकशी. ती त्याच्या दोस्तांकडे करायची नाही, आणि ज्या संघाने त्याला काढलं त्याच्या अध्यक्षाकडेही नाही. दोघांकडे तयार उत्तरं असतात. जुन्या संघाचा गोलकीपर गाठा. तो नव्वद मिनिटं सगळ्यांच्या पाठी बघत उभा असतो, त्याला सगळं माहीत असतं. राखीव खेळाडूला विचारा, संघ नेणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरला विचारा. प्रश्नही ‘कसा आहे?’ असा नको. त्यावर “चांगला आहे की” एवढंच ऐकायला मिळतं. विचारा, “परभणीहून हरून आले तवा गाडीत काय बोलला?” “बदली करून बाहेर काढला तेव्हा शर्ट कुठं फेकला?” “ज्युनियर पोरानं पास चुकवला तर काय म्हणतो?” अशा प्रश्नांना माणसं खरं सांगतात.

मग एक सामना स्वतः जाऊन बघा, आणि शक्यतो त्याचा संघ हरत असलेला. चेंडू त्याच्या पायात असताना बघायची गरज नाही, ते सगळ्या जिल्ह्याने बघितलंय. शेवटच्या पंधरा मिनिटांत चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघा. कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, की मागे धावत येतो? पास मिळाला नाही की दोन्ही हात वर करून प्रेक्षकांकडे बघतो का? हात वर करणं एकदा ठीक. प्रत्येक वेळी असेल तर तो प्रकार तुमच्या संघातल्या सतरा वर्षांच्या पोराला दोन सामन्यांत दबवून टाकेल, मग तो पोरगा त्याच्याशिवाय कोणाला पासच देणार नाही.

इथवर जमलं तर खरी परीक्षा त्याची नसून तुमची आहे. बैठकीत एकच प्रश्न ठेवा: हा वेळेवर आला नाही, तर फायनलला त्याला बाहेर बसवायची आपली तयारी आहे का, आणि बसवणार कोण? नाव घेऊन उत्तर द्या. “बघू तेव्हा” म्हणाल तर त्याला घेऊ नका. ज्याला बसवता येत नाही असा खेळाडू आला की निवड सरांच्या हातात राहत नाही.

मुंबई सिटीचीच 2014-15 ची दोन वर्षं याला चांगलं उदाहरण. निकोला अनेल्का. आर्सेनल, रेआल माद्रिद, चेल्सीत खेळलेला. 2010 च्या विश्वचषकात फ्रान्सच्या प्रशिक्षकांशी भांडला म्हणून स्पर्धेच्या मधूनच घरी पाठवलेला. इंग्लंडमध्ये एका वादग्रस्त हावभावासाठी बंदी खाल्लेला. मुंबईने त्याला 2014 मध्ये घेतलं, तर आधीच्या बंदीमुळे पहिले तीन सामने तो उतरूच शकला नाही. (आपल्या पातळीवरही हे विचारून घ्या: मागच्या स्पर्धेतलं काही निलंबन शिल्लक आहे का? प्रवेशिका भरल्यावर कळून उपयोग नाही.) त्या वर्षी आठ संघांत मुंबई सातवी. पुढच्या वर्षी क्लबने त्यालाच खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही जागा दिल्या. म्हणजे ज्याला बसवायचा प्रश्न आला असता, संघाची यादी त्याच्याच हातात. संघ सहावा आला. याला एकटा अनेल्का जबाबदार असं मी म्हणणार नाही, सुनील छेत्री असलेल्या संघाच्या अपयशाला कारणं अनेक असतात. पण गावच्या मंडळांत हा प्रकार सर्रास चालतो. स्टार नाराज होऊ नये म्हणून त्याला कर्णधार करून टाकायचं. हे करू नका.

फ्रान्सची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अनेल्काला घरी पाठवल्यावर त्याच्या बाजूने अख्ख्या संघाने सरावावर बहिष्कार टाकला आणि फ्रान्स गटात तळाला राहिला. बसवायचा निर्णय वरून आला आणि पोरं सोबत नसली, की असं होतं. म्हणून खेळाडू घेण्याआधी आपल्या कर्णधाराला एकट्याला बोलावून विचारा, “उद्या ह्याला बसवला तर तू कोणाकडून बोलशील?” तो गप्प राहिला तर समजून घ्या.

बसवणं जमतं ते कसं, हे अलीकडे क्रिकेटमध्ये दिसलं. पृथ्वी शॉने 2018 मध्ये पदार्पणाच्या कसोटीत शतक ठोकलं, 2023 मध्ये आसामविरुद्ध रणजीत 379 काढल्या. गुणवत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईने तंदुरुस्ती आणि शिस्तीच्या मुद्द्यावर त्याला रणजी संघातून वगळलं. मुंबईला ते परवडलं, कारण आदल्याच मोसमात रणजी करंडक जिंकलेला संघ होता, मागे पोरांची रांग उभी होती. तुमच्या बाकावर त्या जागेचा दुसरा पोरगा तयार नसेल तर तुमची धमकी पोकळ आहे, आणि हे स्टारला तुमच्याआधी कळतं. तो दुसरा पोरगा आधी तयार करा, स्टार नंतर.

पुढे 2025 मध्ये शॉ महाराष्ट्राकडे आला. हिंगोलीचं क्रिकेट ज्या असोसिएशनखाली येतं, तोच हा संघ. इथे रणजीचं कर्णधारपद त्याला देऊन टाकलं नाही, ते अंकित बावणेकडे होतं. सोबत ऋतुराज गायकवाडसारखा खेळाडू होता. सराव सामन्यात जुन्या मुंबईच्याच खेळाडूशी त्याचं मैदानावर वाजलं, केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्यावर गेला. संघाने गडबड केली नाही. चंडीगडविरुद्ध त्याने 222 काढल्या, त्यातल्या दोनशे 141 चेंडूंत. आता तो कायमचा सुधारला असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. सांगायचं एवढंच, की त्याच्याशिवायही उभा राहू शकणाऱ्या संघात तो गेला.

घ्यायचं ठरलं की बोलणी. ही हॉटेलवर, दहा जणांसमोर नको. त्याच्या घरी जा, एकच माणूस जा, आणि तोच पुढे हंगामभर त्याच्याशी बोलेल. अध्यक्ष एक सांगतात, सर दुसरं, नगरसेवक तिसरं, असं झालं की हुशार पोरगा तिघांच्या मधून निसटतो. वय अठराच्या खाली असेल तर बोलणी आई-वडिलांशी. “काका, पोराला खेळायला नेतो, पेपर बुडणार नाहीत, रात्री घरी आणून सोडतो,” एवढा शब्द द्या आणि पाळा. शालेय स्पर्धेत शाळेचा दाखला आणि जन्मतारीख यांच्याशी कसलाही खेळ नको. दुसऱ्याच्या नावावर कोणी उतरवायला सांगितलं तर त्या माणसालाही संघापासून लांब ठेवा.

जे ठरलं ते एका पानावर मराठीत लिहा. एक स्पर्धा किंवा एक हंगाम, त्याहून लांब नाही. मानधन देणार असाल तर अर्धं आधी, अर्धं शेवटच्या सामन्यानंतर, आणि आकडा बाकीच्या पोरांना कळणारच हे धरून चाला. एकाला पाच हजार आणि बाकीच्यांना वडापाव, हे लपत नाही. निदान सगळ्यांचा प्रवास, जेवण आणि बूट संघाने करावेत, मग वरचा फरक पोरं समजून घेतात. गुडघा गेला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे त्याच पानावर लिहा. आपल्याकडे हाच मुद्दा राहतो आणि नंतर त्यावरूनच तोंडं फिरतात. आणि नियम त्याच्यासाठी वेगळे नकोत. सराव चुकवला तर पुढच्या सामन्याचा पहिला हाफ बाहेर, हा नियम गोलकीपरलाही आणि त्यालाही. पहिल्यांदा हा नियम मोडेल तेव्हा सामना सोपा असो की अवघड, त्याच दिवशी लागू करा. दुसरी संधी सहसा मिळत नाही.

काढायची वेळ आली तर व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढू नका. समोर बसवून सांगा, ठरलेले पैसे हातात द्या, ना हरकत पत्र त्याच दिवशी सही करून द्या. ते अडवून ठेवणारे संघ मी बघितलेत. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे यायला कोणी धजत नाही. आणि शेवटी घ्यायचं नाही असं ठरलं, तरी ते त्याला प्रवेशिकेची मुदत संपायच्या आत सांगा, म्हणजे त्याला दुसरीकडे बघता येईल. तो बहुतेक तुमच्याच गटातल्या एखाद्या संघात जाईल. तेव्हा त्याच संध्याकाळी सरांना बसवून, त्याला डाव्या पायावर ढकलायचं काम कोणत्या डिफेंडरला द्यायचं ते ठरवून टाका. सामना बघून आलाच आहात, त्याचा डावा पाय कच्चा आहे की नाही हे तुम्हाला माहीत असणारच.