लहानपणीची अ‍ॅलर्जी आणि लष्करी अधिकाऱ्याची मेडिकल



मागच्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर एक आई माझ्यासाठी थांबून राहिली. पिशवीतून तिने घड्या पडून फाटायला आलेला ओपीडीचा कागद काढला. चौदा वर्षांपूर्वीचा. त्यावर एकच ओळ वाचता येत होती : अंडे आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. मुलगा आता अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतो आहे. क्लासमधल्या कुणीतरी त्याला सांगितले, मेडिकलमध्ये अ‍ॅलर्जीचा शब्द काढलास की बाद. कागद फाडून टाक आणि तोंड बंद ठेव. "सिस्टर, फाडू का?" एवढेच तिने विचारले.

फाडू नका, असे मी तिला सांगितले. पण पुन्हा पेटीत टाकून विसरूही नका. असा कागद आपल्या बऱ्याच घरांत पडून आहे, म्हणून या वेळचे पान याच विषयावर.

लष्कर आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, महूच्या लष्करी शाळेत शिकवत होते. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, तर शिक्षणाचा आणि मानाचा एक रस्ताच बंद झाला. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या वस्त्यांतून शिपाई म्हणून जाणारी पोरे आजही आहेत. अधिकारी होण्याचे स्वप्न मात्र आत्ता कुठे घरात बोलले जाऊ लागले आहे. आता मुलींनाही ही वाट खुली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. यूपीएससीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, अनुसूचित जातीच्या उमेदवारांना फी नाही. लेखी पास झाले की एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत. त्यातून निवड झाली की लष्करी रुग्णालयात वैद्यकीय मंडळापुढे तपासणी. इतक्या पायऱ्या चढून गेलेले पोर शेवटच्या पायरीवर जुन्या कागदामुळे अडखळू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

शरीर एखाद्या अन्नाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते, ती अ‍ॅलर्जी. तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, घसा बसतो, श्वासाला घरघर लागते. पुन्हा तोच पदार्थ खाल्ला की बहुतेक वेळा पुन्हा तसेच होते. ही खूण महत्त्वाची आहे. एकदाच झाले आणि नंतर दहा वेळा खाऊन काही झाले नाही, तर ती अ‍ॅलर्जी नसण्याचीच शक्यता जास्त.

मी वॉर्डात असताना पाहिले आहे, आपल्याकडे कशालाही अ‍ॅलर्जी म्हणतात. दूध प्यायल्यावर पोट फुगते आणि जुलाब होतात, ते बहुतेकदा दुधातली साखर पचत नाही म्हणून. वांग्याची भाजी खाल्ली की तोंडात खाज सुटते, एवढ्यावरून कुणी पोराला गंभीर अ‍ॅलर्जीचा रोगी ठरवू नये. आणि बांगड्याचे तर वेगळेच आहे. उन्हात दिवसभर टोपलीत राहिलेला बांगडा संध्याकाळी स्वस्तात मिळतो. तो आपल्याच घरी येतो, कारण सकाळचा ताजा परवडत नाही. अशा शिळ्या मासळीत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. ती खाल्ली की तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, अगदी अ‍ॅलर्जीसारखे. खाणाऱ्या चौघांपैकी तिघांना झाले तर ओळखा की दोष मासळीचा आहे, पोराचा नाही. पण पोराला दवाखान्यात नेले की कागदावर पडते : माशाची अ‍ॅलर्जी. तो शिक्का मग जन्मभर चिकटतो.

दुसरा घोळ रक्ताच्या तपासणीचा. पोटात जंत असले की रक्तातल्या इओसिनोफिल पेशी आणि एकूण आयजीई दोन्ही वाढतात. वस्तीत उघडी गटारे, अनवाणी खेळणारी मुले, जंत होणारच. रिपोर्टवर ते आकडे जास्त दिसले की लगेच सांगितले जाते, पोराला अ‍ॅलर्जी आहे, हे बंद करा, ते बंद करा. अंडे बंद, डाळ बंद, शेंगदाणे बंद. गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिने तेवढीच असतात, तीच काढून घेतली जातात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात. ती आधी चुकवू नका.

शेकडो पदार्थांचा एकदम रिपोर्ट देणाऱ्या महागड्या तपासण्याही हल्ली विकल्या जातात. त्यात आयजीजी लिहिले असेल तर पैसे घालवू नका, आयजीजीवरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. ठराविक पदार्थाच्या आयजीईची तपासणी आणि कातडीवर थेंब ठेवून टोचून पाहायची तपासणी या उपयोगी आहेत, पण त्याही एकट्याने निकाल देत नाहीत. तपासणी पॉझिटिव्ह आणि पदार्थ खाऊन काहीच होत नाही, असे पुष्कळ लोक असतात. खरा निकाल लागतो तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इंजेक्शन आणि ऑक्सिजन हाताशी ठेवून, तो पदार्थ थोडाथोडा वाढवत खाऊ घालण्याच्या चाचणीत. ज्याला पूर्वी खरोखर गंभीर त्रास झाला आहे त्याला घरी 'बघू काय होते' म्हणून चारून पाहायचे नाही. यात जीव जातो.

लहानपणीच्या सगळ्या अ‍ॅलर्जी जन्मभर राहत नाहीत. दूध, अंडे, गहू आणि सोयाबीन यांची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांमध्ये मोठे होता होता निघून जाते. शेंगदाणा, काजू-अक्रोड, मासे, कोळंबी-खेकडा यांची सहसा टिकते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच जाते. म्हणून दोन वर्षांच्या वयात लिहिलेला शब्द सतराव्या वर्षी खरा असेलच असे नाही आणि खोटा असेलच असेही नाही. तपासल्याशिवाय कळत नाही. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण इथेही लागू आहे.

जाता जाता एक : अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून मुलाची गोवर-रुबेलाची लस टाळू नका. ती अशा मुलांना देता येते.

खरी गंभीर अ‍ॅलर्जी उसळली तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. श्वासाला घरघर, आवाज बसणे, जीभ सुजणे, चक्कर, एकसारख्या उलट्या, यातले काही गांधीबरोबर दिसले की वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन. माणसाला आडवे झोपवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उठून चालायला लावू नका. यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. अ‍ॅव्हिल किंवा सेट्रिझिनने खाज थांबते, बंद होत चाललेला श्वास मोकळा होत नाही. "अ‍ॅव्हिल दिलंय, बघू थोडा वेळ" असे कुणी म्हणाले तर अ‍ॅड्रेनालिनबद्दल विचारा. विचारायला लाजू नका.

हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवले की लष्कर एवढी चौकशी का करते ते कळते. प्रबोधिनीत शेकडो मुले एका मेसमध्ये जेवतात, भाजीत काय घातले ते प्रत्येकाला विचारता येत नाही. पुढे सीमेवरच्या चौकीत डब्यातले आणि पाकिटातले अन्न, दवाखाना लांब, आणि हवा खराब असली तर हेलिकॉप्टरही येत नाही. तिथे अधिकाऱ्याचा घसा सुजला तर त्याच्या हाताखालच्या तीस जणांनी काय करायचे? हा जातीचा किंवा गरिबीचा प्रश्न नाही, म्हणून या नियमाचा मला राग येत नाही. राग येतो तो न तपासता लिहिलेल्या शब्दाचा.

वैद्यकीय निकष यूपीएससीच्या जाहिरातीच्या परिशिष्टात छापलेले असतात. त्या त्या वर्षीचे वाचा, क्लासच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. हवाई दलाच्या निकषांत दमा, छातीतली घरघर आणि अ‍ॅलर्जीची सर्दी वारंवार होण्याचा इतिहास हे नाकारण्याचे कारण म्हणून स्पष्ट दिलेले आहे. खाण्याच्या अ‍ॅलर्जीबरोबर दमा असेल तर प्रकरण अवघड होते, कारण अशा माणसाला झटका जास्त जोराचा येतो. अ‍ॅलर्जीचा इतिहास सांगितला की मंडळ विचारणार : काय खाल्ले होते, काय झाले, किती वेळा, शेवटचे कधी, भरती करावे लागले का, आता तो पदार्थ खातोस का? याची उत्तरे कागदासह तयार असलेला उमेदवार आणि "आई म्हणते लहानपणी काहीतरी झालं होतं" म्हणणारा उमेदवार, यांत फार फरक पडतो. बाहेरच्या डॉक्टरांचा दाखला मंडळाला बंधनकारक नसतो, निर्णय त्यांचाच. पण नीट कागद असला तर त्यांना निर्णय घेता येतो.

आणि लपवायचे का? तपासणीच्या वेळी उमेदवाराला पूर्वीच्या आजारांची माहिती स्वतः भरून खाली सही करायची असते. तिथे खोटे लिहिले आणि दोन वर्षांनी मेसमध्ये झटका आला, तर आधी जिवाला धोका, मग चौकशी, मग गेलेले करिअर. पंचशीलातले चौथे शील आपण दर रविवारी म्हणतो. क्लासवाल्याचे काय जाते? त्याची फी आधीच भरलेली असते.

म्हणून ज्या घरात असा शिक्का बसलेले मूल आहे, त्यांनी बारावीची वाट पाहू नये. नववी-दहावीतच मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग किंवा त्वचारोग ओपीडीत न्या. तिथे टोचून पाहायची सोय नसेल तर कुठे आहे ते विचारून चिठ्ठी घ्या. जाण्याआधी आठवेल तेवढे वहीत लिहा. टोचणीच्या तपासणीआधी आठवडाभर सेट्रिझिन, अ‍ॅव्हिलसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकतो. ओपीडीत तारीख घेतानाच हे विचारून घ्या. अ‍ॅलर्जी नाही असे ठरले तर "तपासले, अमुक पदार्थ खाऊ घातला, त्रास झाला नाही" असे तारखेसह, सही-शिक्क्यासह लिहून मागा. नुसते 'फिट' लिहिलेले चालवून घेऊ नका. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून दोघांकडे ठेवा. पावसाचे पाणी घरात शिरले किंवा झोपड्या हलवल्या की पहिल्यांदा कागदच जातात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मंडळाने अपात्र ठरवलेच, तर ते तात्पुरते की कायमचे आणि कोणत्या कारणासाठी, हे तिथेच नीट समजून घ्या. अपील वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. त्याची रीत आणि मुदत मंडळाचे अध्यक्षच सांगतात, ती मुलाने लिहून घ्यावी. रडत स्टेशनवर आलेल्या पोराला नंतर काही आठवत नाही.

त्या आईच्या मुलाला आम्ही घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारले, अंडे खातोस का? तो आईकडे बघेना. मग हळूच म्हणाला, दोन वर्षांपासून स्टँडसमोरच्या गाडीवर ऑम्लेट-पाव खातो. आई आधी चिडली, मग हसली. अंड्याचा प्रश्न तिथेच मिटला, तसे लिहूनही मिळाले. शेंगदाण्याचे मात्र तसे नाही. टोचणीला थोडी सूज आली, त्यामुळे खाऊ घालायच्या चाचणीची तारीख दिली आहे. तोवर शेंगदाणे बंद. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. तो रोज पहाटे मैदानावर धावतो आहे.

त्याच्या थोरल्या बहिणीचे बाळ सात महिन्यांचे आहे. मामाला झाले म्हणून तिने बाळासाठी शेंगदाणा घरातूनच हद्दपार केला होता. तिला मी लंडनमधल्या २०१५ च्या अभ्यासाचे सांगितले. अ‍ॅलर्जीचा जास्त धोका असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिलाच नाही. ज्यांनी खाल्ला त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी निघाली. बाळाच्या अंगावर जोराचा इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. तिच्या बाळाला तसे काही नाही. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. भाजलेल्या दाण्यांचे अगदी बारीक कूट पेजेत नीट कालवून, सुरुवातीला चमच्याच्या टोकावर मावेल एवढे, आणि सकाळी, म्हणजे दिवसभर बाळावर लक्ष राहते.