कर्जखतामागे पाहणारे न्यायमूर्ती

न्यायाधीश म्हटले की मराठी माणसाला प्रथम रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा हा पुरुष आपल्या मनात घर करून बसला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु न्यायाची दुसरीही एक परंपरा आपल्याकडे आहे. तिच्यात दरबार नाही, राजवाडा नाही. आहेत त्या सावकाराच्या वह्या, अंगठ्याची निशाणी असलेली खते आणि कोर्टाच्या ओट्यावर ताटकळत बसलेला शेतकरी. या परंपरेचे आद्य नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे आहे, असे मला वाटते. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार म्हणून आपण त्यांचा अभ्यास करतो. प्रस्तुत लेखात मी त्यांच्याकडे केवळ न्यायाधीश म्हणून पाहणार आहे.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली, तिच्यात उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांपैकी ते एक होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. अशा पायऱ्या चढत १८७१ साली ते पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचे अंग असल्याने सरकारची नजर त्यांच्यावर होतीच. १८७८ मध्ये नाशिक आणि १८७९ मध्ये धुळे अशा बदल्या त्यांच्या वाट्याला आल्या.

याच काळात पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी पेटून उठला होता. त्याचे कारण शोधू लागलो तर थेट अमेरिकेपर्यंत जावे लागते. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध चालले, अमेरिकन कापूस बंद झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच नव्या पाहणीने सारा वाढला. शेतकऱ्याच्या हाती उरले ते कर्ज. १२ मे १८७५ रोजी सुपे गावी उठाव झाला आणि तो गावोगाव पसरला. लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या कागदांवर होता. खते मिळाली की ती जाळायची, एवढेच त्यांना ठाऊक होते. आपल्याला बांधून ठेवणारी दोरी कोणती, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते.

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. म्हणजे माझे पेठ गाव आणि आंबेगाव-जुन्नरचा सारा मुलूखही त्यात आला. या कायद्याचे मर्म असे, की न्यायाधीशाने खतावरचा आकडा पाहून थांबायचे नाही. व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, मुद्दल वेगळे मांडायचे, व्याज वेगळे मांडायचे आणि व्याजावर व्याज धरायचे नाही. मग खरे देणे ठरवून हप्ते बांधून द्यायचे.

याचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतकऱ्याने शेकडा चोवीस दराने पन्नास रुपये घेतले. दर सुगीला त्याने बारा रुपयांचे धान्य सावकाराच्या घरी टाकले. पण ते वहीत चढले नाही. सावकार दरवर्षी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतो. तीन वर्षांनी खत बोलते पंचाण्णव रुपये. आता व्यवहार मुळापासून तपासा. तीन वर्षांचे सरळ व्याज छत्तीस रुपये, आणि धान्यही छत्तीस रुपयांचेच पोचलेले. देणे उरले पन्नास. पंचाण्णव आणि पन्नास यांच्यामध्ये जे पंचेचाळीस रुपये आहेत, त्यांतच त्या घराचे बैल, बी-बियाणे आणि पुढचे वर्ष असते.

कायद्याने कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. खते नोंदविण्यासाठी ग्राम-रजिस्ट्रार आणि तडजोडीसाठी समेट घडविणारे पंच नेमण्याची सोय केली. सावकाराने पावती दिलीच पाहिजे असे ठरविले. मात्र कायदा कागदावर चांगला असून भागत नाही. यातील कित्येक दाव्यांत अपील ठेवलेले नव्हते. खालच्या कोर्टाने घाईने निकाल दिला, तर दाद मागायची कोठे? त्यासाठी तपासणी व फेरविचार करणारे विशेष न्यायाधीश व त्यांचे सहायक नेमले गेले. १८८१ मध्ये रानडे पुणे व सातारा जिल्ह्यांसाठी असे सहायक झाले. पुढे डॉ. पोलन यांच्या जागी ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले.

हे काम मुक्कामाचे नव्हते, फिरतीचे होते. तालुक्याच्या गावी जायचे, दप्तर मागवायचे, दुय्यम न्यायाधीशाने मुळापर्यंत चौकशी केली आहे की नाही हे एकेका प्रकरणात पाहायचे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या फिरतीच्या दिवसांचे चित्र आहे. विद्यापीठाची पहिली पदवी मिळवलेला हा विद्वान वर्षानुवर्षे पाच-पन्नास रुपयांच्या दाव्यांचे कागद वाचीत राहिला. त्यात कमीपणा त्यांना कधी वाटला नाही. मला वाटते, त्यांचे अर्थशास्त्र ग्रंथांइतकेच या दप्तरांतूनही घडले असावे.

कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर काही सावकार उसने पैसे देताना सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. आमच्या घरात 'लिंबाचे शेत' असा एका शेताचा उल्लेख अजून होतो. ते शेत आमचे नाही. पणजोबांनी लग्नकार्यासाठी थोडी रक्कम उचलली आणि 'पैसे फिटले की जमीन परत' या तोंडी शब्दावर खरेदीखताला अंगठा दिला, एवढीच हकीकत आजी सांगते. शब्द हवेत विरला, कागद राहिला. अशा खरेदीखतामागचा खरा व्यवहार तपासता यावा म्हणून कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली, हे वाचताना मला ते शेत डोळ्यांसमोर दिसले.

रानड्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. कोर्ट अन्याय दुरुस्त करू शकते, पण पेरणीला पैसे देऊ शकत नाही. सावकाराला नुसते बांधून ठेवले तर शेतकऱ्याने जायचे कोणाकडे? म्हणून १८९१ च्या औद्योगिक परिषदेपुढे त्यांनी जमिनीच्या तारणावरील पतव्यवस्थेची नवी घडी मांडली आणि त्यासाठी युरोपातील देशांच्या अनुभवाचा आधार घेतला. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला. तो पाहण्यास ते राहिले नव्हते.

न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयात बसले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. उच्च न्यायालयाचे पद मोठे खरेच; परंतु 'न्यायमूर्ती' हा शब्द त्यांच्या नावाला जो चिकटला, तो त्यांनी त्याआधी तालुक्याच्या कोर्टांत केलेल्या कष्टांनीही मिळवलेला आहे.

आज आमच्या सातगाव पठारावर बटाट्याच्या लागवडीसाठी कर्ज काढणारा शेतकरी सोसायटीत किंवा बँकेत जातो. पासबुक त्याच्या हाती असते. तरीही, वाचता न आलेल्या कागदावर सही करण्याची वेळ अजून पुष्कळांवर येते. आपल्यापैकी कोणी वकील होईल, कोणी तलाठी, कोणी बँकेत कारकून. समोर कागद आला की त्यावरील आकडा वाचणे हे नोकरीचे काम. तो आकडा झाला कसा, हे विचारण्याची सवय मात्र रानड्यांकडून घ्यावी. निदान घरात शिकलेली आपण मुले-मुली आहोत, तर आई-वडिलांच्या सहीआधी तो कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.