साबण भुसभुशीत का झाला?

प्रश्न : ५०० ग्रॅम खोबरेल तेल आणि ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा अशी कृती होती. खोबरेल महाग म्हणून निम्मे शेंगदाणा तेल घेतले. वड्या भुसभुशीत झाल्या, आत पांढरे ठिपके आहेत, हाताला चुरचुरते. काय चुकले?

उत्तर : तेल बदलले, पण सोडा तेवढाच ठेवला. एक किलो खोबरेलाचा साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो. शेंगदाणा तेलाला १३६ ग्रॅमच्या आसपास पुरतो. म्हणजे तुमच्या मिश्रणाची पूर्ण भूक ८० ग्रॅमची. उरलेले सातेक ग्रॅम वड्यांत मोकळे आहे, तेच चुरचुरते. या वड्या वापरू नका, वाटूही नका.

टाकायची मात्र गरज नाही. हातमोजे व चष्मा घालून वड्या किसा. स्टीलच्या पातेल्यात (ॲल्युमिनियम सोडा खातो) थोडे पाणी आणि ८५ ग्रॅम शेंगदाणा तेल घालून मंद आचेवर ढवळत राहा. तेल जास्त वाटेल, पण त्यातले थोडे मोकळे राहिले की साबण त्वचेला सौम्य लागतो. लगदा एकजीव झाला की साच्यात दाबा आणि चार आठवडे हवेशीर ठेवा. दिसायला ओबडधोबडच होणार. वापरण्यापूर्वी ओल्या वडीला पीएच पट्टी लावा. ९ ते १० ठीक, ११च्या वर नको.

पांढरेपणा फक्त वरच्या थरावर आणि वडी घट्ट असती, तर खरवडून काम भागले असते. आणि वाटीने मापत असाल, तर आधी वजनकाटा घ्या.