उशिरा फुलणारी शेवंती

पावसाळा सुरू झाला की बागेत फुलांची गर्दी होते. कुंपणाशी तेरडा फुलतो, सायंकाळी गुलबक्षी उमलते आणि दसऱ्याच्या सुमारास झेंडूचे ताटवे पिवळेधमक दिसू लागतात. या सर्व काळात बागेच्या एका कोपऱ्यात कातरलेल्या पानांचे एक झुडूप मुकाट्याने वाढत असते. त्याजवर एकही फूल नसते. नवख्या माणसास वाटावे, हे रोप काही फुलावयाचे नाही. परंतु दिवाळी उलटते, रात्री थंडी पडू लागते, तेरडा वाळून जातो आणि मग त्या झुडपाचे दिवस येतात. पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलांनी ते असे भरून जाते की, पाने दिसेनाशी होतात. हीच शेवंती. मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेत आणि स्त्रियांच्या वेणीत तिला मोठा मान असतो.

शेवंती मूळची चीन देशातील. तेथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिची लागवड होत आली आहे. इतर फुले गळून पडल्यावर गार वाऱ्यात ती फुलते, म्हणून चिनी लोकांनी तिला धीराचे प्रतीक मानले. जपानमध्ये तर सोळा पाकळ्यांची शेवंती हे राजघराण्याचे चिन्ह आहे. महाराष्ट्रात पुणे, सातारा, सोलापूर इत्यादी जिल्ह्यांत शेवंतीची शेती होते. पाहणाऱ्यास शेवंतीचे फूल एकच वाटते. परंतु सूर्यफुलाप्रमाणे तेही अनेक लहान फुलांचा समूह असते. ज्यांस आपण पाकळ्या म्हणतो, त्यांतील प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूलच होय.

शेवंतीची लागवड सोपी आहे. मात्र ती चिकाटीने करावी लागते. जुन्या झाडाच्या बुडख्याशी जमिनीतून नवे कोंब वर येतात. शेतकरी त्यांस काश्या म्हणतात. या काश्या मुळांसह अलगद सोडवून एप्रिल-मे महिन्यांत लावाव्या. जागा उन्हाची असावी आणि जमीन पाण्याचा निचरा होणारी असावी. शेवंती ऊन सोसते, थंडी सोसते. परंतु मुळाशी साचलेले पाणी तिला सोसत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी माती उंच करून घ्यावी, तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि दोन रोपांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

लागवडीनंतर साधारणपणे एका महिन्याने प्रत्येक रोपाचा कोवळा शेंडा खुडतात. हे काम प्रथम निर्दयपणाचे वाटते. पण शेंडा खुडल्यावर रोपास बगलेतून फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या अधिक, तितकी फुले अधिक. श्रावण संपल्यावर मात्र शेंड्यास हात लावू नये. कारण पुढे त्याच शेंड्यावर कळ्या धरावयाच्या असतात. कळ्यांवर मावा दिसल्यास सौम्य साबणाचे पाणी फवारावे.

आता प्रश्न असा की, इतके पाणी, खत आणि ऊन मिळूनही शेवंती पावसाळ्यातच का फुलत नाही? याचे उत्तर मातीत सापडत नाही. ते आकाशात आहे. महाराष्ट्रात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तासांचा असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तो सुमारे ११ तासांचा होतो. सप्टेंबरच्या अखेरीनंतर दिवसापेक्षा रात्र मोठी होत जाते. रात्र पुरेशी लांबल्यावाचून शेवंतीच्या बहुतेक जाती कळी धरीत नाहीत.

वनस्पती अशा प्रकारे दिवसरात्रीचा हिशेब ठेवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली जगापुढे मांडले. त्यांनी तंबाखूची रोपे ऐन उन्हाळ्यात दररोज दुपारनंतर अंधारात ठेवली आणि सकाळी बाहेर काढली. ती रोपे लवकर फुलली. बाहेर राहिलेली रोपे मात्र नुसतीच वाढत राहिली. पुढे असे आढळून आले की, अशा वनस्पती मुख्यत्वे रात्रीची लांबी मोजतात.

हा हिशेब वनस्पतीचा कोणता भाग ठेवतो? मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास शेवंतीवरच प्रयोग करून याचा शोध घेतला. त्याने झाडाच्या वरच्या अर्ध्या भागाची पाने काढून टाकली. खालच्या पानांस लांब रात्र मिळेल अशी व्यवस्था केली आणि वरच्या भागास लांब दिवस दिला. तरीही शेंड्यास कळ्या आल्या. यावरून स्पष्ट झाले की, रात्रीची जाणीव पानांस होते आणि तेथून कळी धरण्याचा संदेश शेंड्याकडे जातो.

हे ज्ञान व्यवहारातही उपयोगी पडते. फुले उशिरा हवी असल्यास बागाईतदार शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावतात. लवकर हवी असल्यास सायंकाळीच रोपांवर काळे कापड घालतात. घरच्या बागेतही हे ध्यानात ठेवावे. अंगणातील दिव्याचा प्रखर उजेड रात्रभर अंगावर पडत असेल, तर शेवंतीच्या रोपास रात्र झाल्याचे कळतच नाही. मग खतपाणी घालूनही ते फुलत नाही आणि घरातील माणसे रोपालाच दोष देतात.

शेवंतीची खरी परीक्षा फुले संपल्यावर होते. तिची नव्हे, तिच्या मालकाची. फेब्रुवारीच्या सुमारास फांद्या वाळतात, पाने तपकिरी होतात आणि झाड मेल्यासारखे दिसते. पुष्कळ लोक याच वेळी ते उपटून उकिरड्यावर टाकतात. त्या वाळक्या काटक्यांच्या तळाशी मुळे जिवंत असतात आणि पुढील वर्षाच्या काश्या तेथेच तयार होत असतात, हे त्यांस ठाऊक नसते. शहाणा माळी वाळलेला भाग जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर छाटतो, माती हलकेच सैल करतो आणि बेताचे पाणी देत राहतो. काही दिवसांतच बुडख्याभोवती हिरवे कोंब डोके वर काढतात. एका झाडापासून अनेक रोपे मिळतात. काही स्वतःस ठेवावी, काही शेजाऱ्यांस द्यावी. अशा रीतीने एकच शेवंती एका घरातून सबंध आळीत पसरते.

वर्षातील नऊ-दहा महिने या झाडाची सेवा करावयाची आणि दोन-तीन महिने फुले पाहावयाची, असा हा व्यवहार आहे. वरवर पाहता तो तोट्याचा वाटेल. परंतु बागेतील इतर रंग मावळले असता ज्याच्या दारी शेवंतीचा वाफा फुललेला असतो, त्यास तसे कधीच वाटत नाही. काही गुण लवकर प्रकट होतात, काहींस वेळ लागतो. ज्यांस वेळ लागतो त्यांची मुळे राखणे, हे माळ्याचे काम होय.

स्वाध्याय

१. शेवंतीस धीराचे प्रतीक का मानले गेले?
२. शेंडा खुडल्याने कोणता लाभ होतो? तो केव्हा खुडू नये?
३. चैलाख्यान याच्या प्रयोगावरून काय सिद्ध झाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘शेवंतीची खरी परीक्षा तिच्या मालकाची होते,’ असे का म्हटले आहे?
५. शेवंतीच्या दोन कुंड्या सप्टेंबरपासून निरनिराळ्या जागी ठेवा : एक रात्रभर दिव्याच्या उजेडात, दुसरी अंधारात. कोणत्या कुंडीत कळ्या प्रथम येतात, त्याची नोंद करा.