बर्फाच्या डोंगरावर सत्ता कोणाची?

या पानावर आम्ही बहुधा जवळच्या बाजाराविषयी लिहितो. आज एका दूरच्या धंद्याचा अभ्यास करू. अमेरिकेच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो, त्याला स्कीइंग म्हणतात. पायाला लांब पट्ट्या बांधून लोक डोंगर उतरतात आणि तारेवर लटकणाऱ्या खुर्च्यांतून, म्हणजे लिफ्टमधून, पुन्हा वर जातात. हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्याला त्याचे काय, असे वाचक म्हणतील. पण डोंगराच्या पायथ्याशी गाव असते. त्या गावात खानावळवाले, सामान भाड्याने देणारे, दुरुस्ती करणारे कारागीर आणि तासाच्या मजुरीवर राबणारे कामगार असतात. चार-पाच महिन्यांच्या हंगामावर त्यांचे वर्ष निघते. गेल्या तीस वर्षांत अशा कित्येक डोंगरांचे मालक बदलले. त्यात छोट्या धंदेवाल्याचे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मालक कसे बदलले?

कोलोरॅडो राज्यातील व्हेल हे ठिकाण डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात डोंगरी पलटणीत लढलेला पीट सायबर्ट आणि त्याचा साथी अर्ल ईटन यांनी ते उभे केले. त्या काळी बरेचसे डोंगर असेच कोणी हौशी माणूस, एखादे कुटुंब किंवा गावची मंडळी चालवीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशी सातशेहून अधिक ठिकाणे होती. आज ती पाचशेच्या आत आली आहेत. लिफ्ट महाग, विम्याचा हप्ता मोठा, कृत्रिम बर्फ करणाऱ्या यंत्रांचा खर्च वेगळा. त्यात एखादा हिवाळा कोरडा गेला की लहान मालकाचा हिशेब कोलमडे.

व्हेल रिसॉर्ट्स ही कंपनी १९९७ मध्ये शेअर बाजारात आली. त्याच वर्षी ब्रेकनरिज व कीस्टोन हे शेजारचे मोठे डोंगर तिने घेतले. स्पर्धा संपेल म्हणून सरकारच्या न्याय खात्याने हरकत घेतली आणि अरापाहो बेसिन हे तिसरे ठिकाण विकायला लावले. पण खरेदी थांबली नाही. २०१६ मध्ये कॅनडातील व्हिसलर आणि २०१९ मध्ये एकाच सौद्यात १७ डोंगर कंपनीच्या हाती आले. आज तिच्याकडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व स्वित्झर्लंड मिळून चाळीसवर ठिकाणे आहेत. २०१७ मध्ये अल्टेरा ही दुसरी मोठी कंपनी उभी राहिली. आता या धंद्यात या दोघींचाच दबदबा आहे.

पासची करामत

या वाढीचे गमक एका पासात आहे. २००८ मध्ये व्हेल कंपनीने ‘एपिक पास’ काढला. किंमत ५७९ डॉलर. एकदा पैसे भरा आणि हंगामभर कंपनीच्या डोंगरांवर हवे तितके खेळा. हा पास हंगामाच्या आधीच विकत घ्यावा लागतो. डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. जो ऐनवेळी खिडकीवर येईल त्याला एका दिवसाचे तिकीट फार महाग पडते. व्हेल येथे २०२४-२५ च्या हंगामात ते तीनशे डॉलरच्या वर गेले होते. म्हणून गिऱ्हाईक आपोआप पासकडे वळते. असे वीस लाखांहून अधिक पास हंगामापूर्वीच विकले जातात.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. बर्फ पडो वा न पडो, कंपनीच्या तिजोरीत रक्कम आधीच जमा झालेली असते. कोरड्या हिवाळ्याचा धोका कंपनीने बराचसा गिऱ्हाइकावर टाकला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वारंवार येणाऱ्याला पास स्वस्त पडतो, आणि या खात्रीच्या पैशावर काही तोट्यातले डोंगर तगले आहेत. पण खानावळवाल्याला कोणी आगाऊ रक्कम देत नाही. बर्फ नसेल तर त्याची खुर्ची रिकामी, आणि भाडे मात्र चालूच. शिवाय कंपनीची स्वतःची हॉटेले, खानावळी आणि सामान विकणारी व भाड्याने देणारी दुकाने आहेत. म्हणजे जो डोंगराचा धनी तोच गावातल्या दुकानदाराचा प्रतिस्पर्धी.

पार्क सिटीची गोष्ट

युटा राज्यातील पार्क सिटी हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. खाणी मंदावल्यावर खाण कंपनीनेच १९६३ मध्ये तेथे हा खेळ सुरू केला. पुढे चालविणारे बदलले, पण डोंगराची जमीन खाण कंपनीकडेच राहिली. १९९४ पासून पाउडर नावाची कंपनी तेथे भाडेपट्ट्यावर धंदा करीत होती. भाडे वर्षाला सुमारे १,५५,००० डॉलर, म्हणजे या धंद्यात नाममात्रच.

हा भाडेपट्टा वाढवून घेण्याची मुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. नूतनीकरणाचे पत्र मालकाच्या हाती काही दिवस उशिरा पडले. तोवर जमिनीचा ताबा टॅलिस्कर या कंपनीकडे गेला होता. ‘भाडेपट्टा संपला’ असे तिने सांगितले. प्रकरण कोर्टात गेले. २०१३ मध्ये व्हेल कंपनीने शेजारचा कॅनियन्स हा डोंगर त्याच मालकाकडून वर्षाला अडीच कोटी डॉलर भाड्याने घेतला, आणि वादातल्या जमिनीचा हक्कही त्या करारात बांधून घेतला. मे २०१४ मध्ये न्यायाधीशांनी पाउडरचा भाडेपट्टा संपल्याचा निर्णय दिला. सप्टेंबरमध्ये पाउडरने पायथ्याची आपली मालमत्ता १८ कोटी २५ लाख डॉलरला व्हेल कंपनीला विकली. वीस वर्षे जमवलेला धंदा एका उशिरा पोहोचलेल्या कागदाने हातचा गेला.

नवा मालक आल्यावर त्याने ‘पार्क सिटी’ हे नाव आपल्या धंद्यासाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला घेतले. गावाचे नाव आपल्या पाटीवर लावणारे दुकानदार चिंतेत पडले. लोकांनी विरोध केला आणि २०१६ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

कामगार आणि घर

डोंगरावर गस्त घालणारे कामगार पहाटे स्फोटके लावून धोक्याचा बर्फ पाडतात, जखमींना खाली आणतात. पार्क सिटीतील अशा सुमारे दोनशे जणांनी २७ डिसेंबर २०२४ रोजी संप पुकारला. सुरुवातीची मजुरी तासाला २१ डॉलर होती, ती २३ व्हावी ही मुख्य मागणी. कंपनीने आपल्या दुसऱ्या डोंगरांवरून माणसे आणली, तरी डोंगराचा मोठा भाग बंद राहिला. नाताळ व नव्या वर्षाच्या ऐन गर्दीत लोक लिफ्टच्या रांगांत ताटकळले. ८ जानेवारी २०२५ रोजी संप मिटला आणि मागणी मान्य झाली.

तासाला २३ डॉलर ऐकायला मोठे वाटतात. पण या गावांत भाड्याची घरे मजुरांच्या आवाक्यात राहिलेली नाहीत. बाहेरचे पैसेवाले घरे घेतात आणि पर्यटकांना दिवसावर देतात. सगळा दोष एका कंपनीच्या माथी मारता येणार नाही. पण राबणारा माणूस दूरच्या गावाहून ये-जा करतो हे खरे. व्हेलची नगरपरिषद घरमालकांना पैसे देऊन असा लेख करून घेते की त्या घरात स्थानिक कामकरी माणूसच राहील.

गाव अगदीच हतबल नाही

२०२२ मध्ये पार्क सिटीत कंपनीला दोन मोठ्या लिफ्ट बसवायच्या होत्या. गर्दी व गाड्या लावण्याच्या जागेचा प्रश्न काढून काही रहिवाशांनी अपील केले. नियोजन मंडळाने दिलेली परवानगी रद्द केली आणि कंपनीने ती यंत्रे व्हिसलरला नेली. व्हरमाँट राज्यातील मॅड रिव्हर ग्लेन हा डोंगर तर १९९५ पासून खेळणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. तेथे मोठा थाट नाही, पण निर्णय सभासद घेतात.

आपण काय घ्यावे?

भाड्याच्या गाळ्यात किंवा हंगामावर धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांनी यातून तीन गोष्टी गाठीशी बांधाव्यात. पहिली, भाडेकराराची मुदत कधी संपते ते आजच कागद काढून पाहावे, मुदतीच्या बऱ्याच आधी लेखी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. मालकाशी संबंध चांगले आहेत, यावर विसंबू नये, मालक बदलतात. दुसरी, जोखीम कोणाच्या अंगावर आहे हे ओळखावे. ज्याच्या हाती गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम, तो वाईट वर्षही काढतो. आपल्याजवळ ती नसेल तर चांगल्या वर्षात शिल्लक टाकावी. तिसरी, एकट्या दुकानदाराचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो. पार्क सिटीचे नाव वाचले आणि मजुरी वाढली, ती माणसे एकत्र आली म्हणूनच.